लाल विटांचं घर

आपल्या सोसायटीचा इतिहास या स्मरणिकेत दुसरं कुणीतरी लिहिणारच आहे. प्लॉट कसा मिळाला, पाण्याचं कनेक्शन किती लटकलं, पहिली सत्यनारायणाची पूजा कुठे झाली, हे सगळं त्यात येईल. मी इथे एका परक्या घराची आणि ते बांधून घेणाऱ्या माणसाची हकीकत सांगणार आहे. घर लंडनच्या आग्नेयेला बेक्सलीहीथ नावाच्या उपनगरात आजही उभं आहे. नाव अगदी साधं, रेड हाऊस. लाल घर. माणसाचं नाव विल्यम मॉरिस. पडद्यांच्या किंवा वॉलपेपरच्या दुकानात दाट वेलबुट्टी आणि तिच्यात लपलेली पाखरं आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिली असतील. त्यातलं कितीतरी मूळचं या मॉरिसचं. पण मला तो आठवतो तो वॉलपेपरमुळे नाही. दोन कुटुंबांनी एका अंगणाभोवती मिळून राहावं म्हणून त्याने एक नकाशा काढून घेतला होता आणि तो कधी बांधला गेला नाही, त्या नकाशामुळे आठवतो.

मॉरिसचा जन्म २४ मार्च १८३४ चा, लंडनजवळच्या वॉल्थमस्टोमधला. वडील पैशाच्या बाजारातले दलाल. त्यांनी डेव्हन परगण्यातल्या तांब्याच्या एका खाणीचे शेअर घेतले आणि खाण अशी काही लागली की घर एकदम श्रीमंत झालं. वडील १८४७ साली वारले, पण शेअर राहिले. मुलगा एकवीस वर्षांचा झाला तेव्हा त्याला वर्षाला सुमारे ९०० पाउंड घरबसल्या मिळू लागले. त्या काळी ही रक्कम मोठीच. पुढे हाच माणूस भर रस्त्यात उभा राहून समाजवादावर भाषणं द्यायचा, तेव्हा या तांब्याच्या पैशाची आठवण त्याला लोकांनी करून दिली नसेल असं मला वाटत नाही.

शिक्षण ऑक्सफर्डला. तिथे गेला तो पाद्री व्हायला. पहिल्याच दिवसांत बर्मिंगहॅमचा एक किडकिडीत, गरीब घरचा मुलगा भेटला, एडवर्ड बर्न-जोन्स. त्यालाही पाद्रीच व्हायचं होतं. दोघांची अशी गट्टी जमली की ती मरेपर्यंत सुटली नाही. १८५५ च्या सुट्टीत दोघं उत्तर फ्रान्समधली जुनी दगडी चर्चं पाहत हिंडले आणि परत येता येता दोघांनीही पाद्री होण्याचा विचार सोडला. एकाने चित्रकार व्हायचं ठरवलं, दुसऱ्याने आर्किटेक्ट. मॉरिसच्या आईला हे ऐकून काय वाटलं असेल ते इंजिनीअरिंग मध्येच सोडणाऱ्या मुलांच्या आयांनाच विचारावं.

आर्किटेक्ट तो झालाच नाही. जी. ई. स्ट्रीट यांच्या ऑफिसात वर्षभरही टिकला नाही. पण तिथे त्याला फिलिप वेब भेटला. वेब वयाने थोडा मोठा, अबोल, कामात काटेकोर. मॉरिस याच्या अगदी उलट, म्हणजे जाडजूड, कुरळ्या केसांचा, बोलता बोलता उसळणारा. केसांमुळे मित्रमंडळी त्याला टॉप्सी म्हणत. १८५८ च्या उन्हाळ्यात मॉरिस, वेब आणि चार्ल्स फॉक्नर असे तिघं फ्रान्समध्ये सीन नदीतून वल्ही मारत निघाले. घराची कल्पना त्या प्रवासात निघाली आणि पहिलं रेखाटन वेबने जवळच्या एका नकाशाच्या पाठीवर केलं, असं सांगतात.

घर हवं होतं कारण लग्न ठरत होतं. मुलगी जेन बर्डन, ऑक्सफर्डमधल्या एका तबेल्यात काम करणाऱ्या माणसाची लेक. लग्न २६ एप्रिल १८५९ ला झालं. त्याच महिन्यात घराचे नकाशे पुरे झाले. वेबचं हे स्वतंत्रपणे केलेलं पहिलंच घर. तो तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा, आणि घरमालक पंचवीसचा.

आता घराविषयी थोडं सावकाश सांगतो, कारण खरी गंमत तिथेच आहे. जागा म्हणजे सफरचंदांची आणि चेरीची जुनी बाग. कमीत कमी झाडं तोडावी लागतील अशा बेताने घर बसवलं. त्या वेळी लंडनभोवती जे बंगले उठत होते त्यांची पद्धत ठरलेली होती. आत वीट, बाहेरून गुळगुळीत गिलावा आणि त्यावर दगडाचा भास होईल असा रंग. दर्शनी बाजू डावी-उजवी सारखी, मध्ये दार, दोन्हीकडे मोजून तेवढ्याच खिडक्या. वेबने गिलावाच दिला नाही. भाजलेली लाल वीट जशी आहे तशी उघडी ठेवली, वर लाल कौलांचं खूप उतरतं छप्पर घातलं. भिंत विटेची आहे तर ती विटेचीच दिसू दे, एवढाच विचार. आपल्याकडे दर पाच-सात वर्षांनी बाहेरून रंग काढायचा खर्च पास करताना मीटिंगमध्ये जो गोंधळ होतो तो आठवला की हा विचार जास्तच पटतो. मात्र उघड्या विटेच्या भिंतीला दर्जा उत्तम भरलेल्या लागतात, आणि वीट पक्की भाजलेली लागते. त्यात कसूर केली तर पाणी थेट आत.

नकाशा इंग्रजी एल अक्षरासारखा, आपल्या काटकोनासारखा. दोन बाजूंना घर आणि कोनाच्या कुशीत विहीर. विहिरीवर शंकूसारखं टोकदार कौलारू छप्पर, दुरून टोपी घातलेल्या म्हाताऱ्यासारखं दिसतं. खिडक्या दिसायला वेड्यावाकड्या. कुठे कमानीखाली उंच, कुठे नुसता गोल झरोका. पण आत गेलं की कळतं, ज्या खोलीला जेवढा आणि जिथून उजेड हवा तिथे तेवढी खिडकी दिली आहे. बाहेरून काय दिसेल याचा हिशोब नंतर. जेवणघर खाली, पण बैठकीची मोठी खोली आणि काम करायची खोली वरच्या मजल्यावर, आपल्याकडच्या माडीसारखी. ओकच्या लाकडाचा रुंद जिना, विटांच्याच उघड्या शेकोट्या. छपरावरच्या वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या पात्यावर मॉरिसची आद्याक्षरं आणि १८५९ हे साल. खर्च सुमारे ४००० पाउंड.

एक दोष मोठा होता. घराचं तोंड उत्तरेला. इंग्लंडात हे म्हणजे थंडीला आमंत्रण. महत्त्वाच्या खोल्यांना ऊन जवळजवळ नाहीच. दोन तरुणांनी मिळून केलेलं पहिलं घर, तेव्हा असं व्हायचंच.

१८६० च्या उन्हाळ्यात जोडपं राहायला आलं. आत ठेवायला सामान हवं, पण दुकानातलं काहीच मॉरिसला पसंत पडेना. जे होतं ते नकली आणि बोजड. मग मित्रांनी स्वतःच करायला घेतलं. टेबल, मेणबत्त्यांची घरं, पेले यांची चित्रं वेबने काढली. ओल्या गिलाव्यात टोचून छतावर नक्षीच्या खुणा केल्या आणि त्यांत रंग भरले. बर्न-जोन्सने बैठकीच्या भिंतीवर एका जुन्या कथेतलं लग्न रंगवलं, त्यात राजा-राणीला मॉरिस आणि जेनचे चेहरे दिले. जेनला लंडनच्या एका दुकानात निळ्या लोकरी कापडाचा तागा मिळाला. दोघांनी मिळून त्यावर डेझीची फुलं भरली आणि ते पडदे म्हणून लावले. शनिवारी दुपारच्या गाडीने मित्र यायचे, स्टेशनवर न्यायला मॉरिसची घोडागाडी असायची. दिवसभर रंगकाम, संध्याकाळी बागेत खेळ, रात्री जेवण. तळघरातून बाटल्या दोन्ही हातांत आणि काखेत घेऊन वर येणारा मॉरिस, जिन्यातून चालणारी सफरचंदांची मारामारी, हे त्या मंडळींना म्हातारपणीही आठवत होतं. एकदा म्हणे मित्रांनी जेनला हाताशी धरून रातोरात त्याचं जाकीट आतून शिवून अरुंद करून घेतलं. सकाळी ते चढेना, आणि आपण एका रात्रीत इतके सुटलो कसे या चिंतेत तो बिचारा.

या रंगकामातूनच धंदा निघाला. एप्रिल १८६१ मध्ये सात मित्रांनी मिळून फर्म काढली. प्रत्येकाचा शेअर एक पाउंडाचा, आणि वर मॉरिसच्या आईने दिलेलं १०० पाउंडांचं कर्ज. आपल्या प्रत्येकाच्या कपाटात सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट असतं तसंच. रंगीत काचा, फर्निचर, भरतकाम, मग वॉलपेपर. जाळीवर चढलेल्या गुलाबांचा जो नमुना प्रसिद्ध आहे तो रेड हाऊसच्या बागेतल्याच जाळ्यांवरून सुचला. त्यातली पाखरं मात्र वेबने काढली. मुली दोन, जेनी १८६१ ची आणि मे १८६२ ची, दोघींचा जन्म याच घरातला.

मग आलं १८६४. फर्मचं काम लंडनमध्ये आणि घर गावाबाहेर. रोजच्या येण्याजाण्यात दिवस संपे. आपल्यापैकी ज्यांनी तीस वर्षं बदलापूर-कर्जतची लोकल काढली त्यांना हे सांगायला नको. तेव्हा मॉरिसने असं ठरवलं की लंडनला जायच्या ऐवजी लंडनमधलंच सगळं इकडे आणायचं. फर्मची कामाची जागा इथेच करायची, आणि बर्न-जोन्स कुटुंबानेही इथेच राहायला यायचं. वेबने नकाशा काढला. काटकोनाला दुसरा काटकोन जोडायचा, म्हणजे विहीर मधोमध येऊन चौक पुरा होणार. एका बाजूला मॉरिस, दुसऱ्या बाजूला बर्न-जोन्स, चूल वेगळी, अंगण एक. वाड्यात वाढलेल्या माणसाला हा नकाशा समजावून सांगावा लागत नाही. सगळं ठरलं होतं. बर्न-जोन्सची बायको जॉर्जियाना, म्हणजे आपल्या नात्याने मॉरिसची वहिनी, तीही या बेतात मनापासून होती.

त्या वर्षी सप्टेंबरच्या सुमारास मंडळी लिटलहॅम्प्टनला समुद्रावर हवापालटाला गेली. परतल्यावर बर्न-जोन्सच्या लहान मुलाला, फिलिपला, स्कार्लेट फीव्हर झाला. अंगावर लाल पुरळ उठणारा हा ताप तेव्हा घरंच्या घरं रिकामी करी. मुलगा वाचला, पण ताप जॉर्जियानाला लागला. ती गरोदर होती. दिवस भरण्याआधीच बाळंत झाली, आणि मूल तीन आठवड्यांत गेलं. त्याचं नाव क्रिस्टोफर ठेवलं होतं.

बर्न-जोन्स खचला. पैशाचीही ओढाताण होती. त्याने मॉरिसला कळवलं की आता आम्हाला यायला जमणार नाही. मॉरिस तेव्हा स्वतः संधिवाताच्या तापाने अंथरुणावर होता. त्याने थरथरत्या हाताने उत्तर लिहिलं. दुःख झालं हे लपवलं नाही, पण दोष दिला नाही, आणि मित्रानेच धीर धरावा असं समजावलं. तीस वर्षांचा, आजारी, आयुष्यातला सर्वांत लाडका बेत मोडलेला माणूस असं पत्र लिहितो, हे मला त्याच्या सगळ्या नक्षीकामापेक्षा मोठं वाटतं.

वेबचा नकाशा गुंडाळून ठेवला गेला. खाणीचं उत्पन्नही घसरत चाललं होतं. १८६५ च्या शरद ऋतूत मॉरिस कुटुंब लंडनला क्वीन स्क्वेअरमध्ये दुकानाच्याच इमारतीत राहायला गेलं. रेड हाऊस विकलं. जड कपाटं आणि बाकं दारातून निघेनात म्हणून तिथेच राहिली. मॉरिस त्यानंतर एकतीस वर्षं जगला, पण ते घर त्याने पुन्हा पाहिलं नाही. बघवणार नाही म्हणून गेलाच नाही.

याच सालाचा एक धागा आपल्या मुंबईशी येतो. जॉर्जियानाची बहीण ॲलिस हिचं लग्न मार्च १८६५ मध्ये लॉकवुड किपलिंगशी झालं आणि ते जोडपं लगेच मुंबईला आलं. लॉकवुड जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवायला आला होता. क्रॉफर्ड मार्केटच्या दर्शनी भिंतीवर शेतकरी-कामकऱ्यांची जी दगडी उठावचित्रं आहेत ती त्याची. इकडे मॉरिस घर सोडत होता त्याच हिवाळ्यात, ३० डिसेंबरला, जे. जे. च्या आवारात रुडयार्ड किपलिंग जन्मला. पुढे तो इंग्लंडात मावशीकडे सुट्टीला जायचा तेव्हा तिथे येणारा टॉप्सीकाका मुलांच्या खोलीतल्या लाकडी घोड्यावर बसून डुलत डुलत आइसलँडच्या वीरकथा सांगे.

मॉरिसचं पुढचं आयुष्य एवढं भरगच्च आहे की इथे नुसती यादी होईल, म्हणून थोडक्यात. कवी म्हणून त्याचं नाव फार मोठं झालं. १८७१ मध्ये चित्रकार रोझेटीबरोबर केल्मस्कॉट नावाचं खेड्यातलं जुनं घर भाड्याने घेतलं. जेन आणि रोझेटी यांच्याविषयी तिकडे भरपूर चघळून झालं आहे, ते आपण सोडून देऊ. १८७५ मध्ये फर्म मोडून मॉरिसने ती एकट्याच्या नावावर केली. तेव्हा सातांपैकी तिघांनी आपला वाटा मागितला आणि प्रत्येकी १००० पाउंड घेतले. बर्न-जोन्स, वेब आणि फॉक्नर यांनी मागितला नाही. मित्रांच्या भागीदारीत हिशोबाची वेळ आली की कोण कुठे उभं राहतं हे तेव्हाच कळतं. नैसर्गिक रंगांचा नाद लागला तेव्हा तो लीकच्या थॉमस वॉर्डल या रंगाऱ्याकडे महिनोन् महिने नीळ आणि मंजिष्ठेच्या हौदांत हात घालून शिकला. निळे हात घेऊनच जेवायला बसायचा. याच वॉर्डलने आपल्याकडच्या टसर रेशमावर रंग चढवण्याचं तंत्र बसवलं होतं.

एक गोष्ट मात्र सोसायटीत राहणाऱ्यांनी मुद्दाम ऐकावी अशी आहे. १८७७ मध्ये मॉरिसने आणि वेबने जुन्या इमारती जपण्यासाठी एक संस्था काढली. ती आजही चालू आहे. तेव्हा जुनी चर्चं दुरुस्त करतो म्हणून नामवंत आर्किटेक्ट त्यांच्या भिंती खरवडून काढत, नंतरच्या पिढ्यांनी केलेलं पाडून टाकत आणि जुनं वाटेल असं नवंकोरं बसवत. मॉरिसला याचा संताप येई. त्याचं म्हणणं सरळ होतं. इमारतीची रोजची निगा ठेवा. पन्हळी साफ करा, फुटलेलं कौल लगेच बदला, भिंत कलली तर टेकू द्या, आणि तो टेकू टेकूसारखाच दिसू दे. वेळेवर चार आण्यांचं काम केलं तर पुढचं रुपयाचं वाचतं. टेरेसच्या आउटलेटमध्ये साचलेला पाला कुणी काढायचा यावर आपल्याकडे जी चर्चा होते, तिच्यात मॉरिस हिरिरीने उतरला असता आणि शेवटी स्वतःच वर जाऊन पाला काढून आला असता.

१८८३ पासून तो समाजवादी चळवळीत पडला. पत्रक काढणं, रस्त्यावर भाषणं, एकदा पोलीस कोर्टातही उभा राहिला. १८९१ मध्ये छापखाना काढला. तिथलं शेवटचं मोठं पुस्तक म्हणजे चॉसरचं समग्र काव्य. चित्रं बर्न-जोन्सची, एकूण ८७. ते १८९६ च्या उन्हाळ्यात बांधून आलं आणि ३ ऑक्टोबरला मॉरिस गेला, वय बासष्ट. पानाफुलांनी सजवलेल्या शेतावरच्या उघड्या गाडीतून त्याला केल्मस्कॉटच्या दफनभूमीत नेलं. थडग्यावरचा दगड वेबने केला, छपरासारखा उतरता.

आता राहिलं घर. त्याला मागाहून धनी बरेच मिळाले. १८८९ मध्ये चार्ल्स होम या व्यापाऱ्याने घेतलं. तो पूर्वेकडच्या देशांशी व्यापार करून लवकर निवृत्त झाला होता. याच घरात असताना त्याने १८९३ मध्ये स्टुडिओ नावाचं कलेचं मासिक सुरू केलं, ते जगभर गेलं. नंतरही घर हातांतून हातांत जात राहिलं. भोवतीची बाग आणि शेतं जाऊन तिथे उपनगरातल्या घरांच्या रांगा आल्या. दुसऱ्या महायुद्धात तिथे सरकारी कचेरी थाटली. कचेरीने घराचं जे करायचं ते केलं.

१९५२ मध्ये लंडन काउंटी कौन्सिलच्या नोकरीतले दोन तरुण आर्किटेक्ट घर बघायला आले, टेड हॉलम्बी आणि डिक टॉम्स. एकट्याला परवडणारं नव्हतं. दोघांनी मिळून घेतलं आणि दोन्ही कुटुंबं बायकामुलांसह एकत्र राहायला आली. भिंती, छतं, दारं त्यांनी सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या हाताने साफ केली. मॉरिसचा मोडलेला बेत अठ्ठ्याऐंशी वर्षांनी असा अर्धामुर्धा खरा झाला, तोही नवा काटकोन न जोडता, आहे त्याच घरात. टॉम्स कुटुंब काही वर्षांनी गेलं. हॉलम्बी राहिला. नोकरीत तो सरकारी वसाहती बांधत होता, सामान्य माणसाला परवडतील अशा, आणि घरी येऊन या विटा सांभाळत होता. १९९९ मध्ये तो याच घराचा रहिवासी म्हणून वारला. २००३ मध्ये घर नॅशनल ट्रस्टकडे आलं. पुढे दहा वर्षांनी एका झोपायच्या खोलीतलं मोठं कपाट आणि मागचे थर काढले तेव्हा भिंतभर चित्र निघालं. आदम, ईव्ह, नोहा, शिडी घेतलेला याकोब. एका हाताचं काम नव्हतं. त्या शनिवार-रविवारच्या मंडळींनी वाटून रंगवलेलं.

मुलं-नातवंडं लंडनला असलेली घरं आपल्याकडेही आहेत. तिकडे गेलात तर गाडीने बेक्सलीहीथला उतरा, तिथून पायी पंधरा-वीस मिनिटं. घर रोज उघडं नसतं, दिवस आधी बघून जा. आत शिरल्यावर मागच्या बाजूला विहिरीपाशी थांबा. दोन बाजूंना लाल भिंती दिसतील, उरलेल्या दोन बाजूंना हिरवळ आहे. वेबचा दुसरा काटकोन तिथे यायचा होता.